घरटी एक सुकं लाकूड

कुरवंडे, जेठ वद्य चतुर्थी

मुंबईकर नकाशेवाले भावजी,

चष्मा लावा आन् मगच वाचा, न्हाईतर माझ्या अक्षराला नावं ठिवाल. चौथी बुकापत्तोर शिकलेली बाई हाय मी. तुमच्यावानी कागदावर मुंगीएवढी घरं काढाया मला येत न्हाई.

तुमी गेलात आन् गावाला बोलाया काय उरलंच न्हाई. ती तुमची लाकडाची लांब पट्टी, टी का काय म्हंता ती, खांद्यावर टाकून तुमी पांदीनं निघालात, तवा सारजाबाई मला इचारती, "कस्तुरा, तुजा दीर मुंबईला औत हाकाया चालला व्हय गं?" मी म्हनलं, "व्हय, समिंदर नांगरायचाय त्यांला." अजून हसती मेली.

आन् काय वो, लोणावळ्याच्या टेसनापत्तोर मी चिखल तुडवत आले ती काय तुमच्या शाईच्या बाटलीची चौकशी ऐकाया? अख्ख्या वाटंनं एकच. "वहिनी, शाई घेतली का? वहिनी, पाटलांचा दाखला भिजला नाही ना?" नवशा बिचारा तुमची ट्रंक डोक्यावर घिऊन म्होरं चालत व्हता. त्याच्या मुंडक्याचा पार पाट झाला, त्याला एक शब्द बोलला न्हाईत. गाडी हलली तवा मी म्हनलं, भावजी, त्याला राम राम तरी घाला. तर खिडकीतनं तुमी म्हंता, "शाई वरच्या पिशवीत आहे ना?" माघारी येताना नवशा म्हनला, "वैनी, दादा पास झालं की मला बी शाई म्हणूनच हाक मारत्याल." आमी दोघं हसत हसत चढण चढलो.

पर खरं सांगते, शाळंची पडवी झ्याक दिसती. शिमिट-लोखंडाची गच्ची ह्या अंगाला कुनाच्या बापानं बघितली न्हवती. नवशाची बायकू बाया तर रोज येता-जाता तिला हात लावती, म्हंती, "दगूड शिजवून वतलाय जनू." मिरगाच्या तोंडावर तुमी जी घाई केलीत त्यावरनं गवंडी दत्तोबा कुरकुरत व्हता. पर इमारत उभी केल्याचा दाखला जोडल्याबिगर परीक्षंला बसू देत न्हाईत म्हनल्यावर तुमी तरी काय करणार? दत्तोबा बी दुसऱ्याच दिशी तळेगावच्या कामावर गेला.

एक राहिलं. पडवीखाली तुमी लाकडांचं रान उभं करून गेलाय, ते कुनाचं? पाटील इचारत व्हते, सोपान कवा नेणार म्हणून. पोरं त्यात लपंडाव खेळत्यात. नेणार असाल तर कळवा, इसरला असाल तर तसं कळवा.

अभ्यास करा. पास झालात की माझ्या न्हाणीला एक दार बसवा, मंग मी तुमाला आर्किटेक म्हणीन.

तुमची वैनी,
कस्तुरा


कुरवंडे, आखाड सुद नवमी

भावजी,

तुमचं कार्ड आलं. सोमवारपसनं परीक्षा, म्हंजी काल बसलात, तीन दिस लिवायची, चौथ्या दिशी साहेबांम्होरं तोंडी. वाचलं. लाकडांचं काय ते लिवलं न्हाई तुमी. असू द्या. आता नका लिवू.

हितं समदं बरं हाय. पाऊस लय हाय. झड लागली ती उघडायचं नाव न्हाई. भुशीच्या वढ्याला पानी आलं, गुरं बांधून हायती, मिरच्या बुरसल्या. शेळी याली, दोन करडं. एक तुमच्यावानी दिसतं, नाकावर गोल डाग हाय चष्म्यागत.

नवशाचा बाप शिदूआबा गेला. म्हातारं मानूस, झडीत गारठलं. वाईट वाटून घिऊ नका, पिकलं पान व्हतं.

बाया आता दळाया येत न्हाई. मी माझं मीच दळते.

शाळा? शाळा हाय की तितंच. कुटं जाती?

पाटील म्हनत व्हते तुमाला तार करावी. मी म्हनलं, पाटील, माझ्या दिराची परीक्षा हाय, तार केलीत तर तुमच्या दारात येऊन बसंन. उगंच आपलं. तार कशाला करायची? तुमी आपलं लिवा. शाई हाय ना वरच्या पिशवीत?

दिवा लावून बसत असाल तर डोळं सांभाळा. पोट भरून जेवा. तुमच्या भावाच्या फोटूला मी सांगितलंय, पोरगं परीक्षंला बसलंय, आता मधी कुनी काय बोलायचं न्हाई.

वैनी


आखाड सुद पुनव

भावजी, परीक्षा झाली. आता बसा खाली. उभं राहून वाचू नका.

पडवी पडली. बाया तिच्याखाली मेली.

मागच्या पत्रात मी ह्ये लिवलं न्हाई. तवा तिला जाऊन दोन दिस झालं व्हतं. मी शेळीचं लिवत बसले. तुमी येऊन ती उठणार न्हवती, आन् तुमची परीक्षा मातर बुडली असती. म्हणून लिवलं न्हाई. मला काय बोलायचं ते बोला.

कसं झालं ते सांगते.

तुमाला ठावं हाय, आपल्यात घरटी एक सुकं लाकूड चुलीवरच्या माळ्यावर ठिवत्यात. आखाडात कुनी गेलं तर समद्या घरांनी एकेक द्यायचं आन् मानूस जाळायचं. तुमच्या भावाला बी तसंच जाळलं, तुमी तवा हापचड्डीत व्हता. मयताला लाकूड न्हाई म्हनायचं न्हाई, मग घरात चूल न का पेटंना. ह्या झडीत आधी वाडीवरची एक म्हातारी गेली. समद्यांची लाकडं तिला गेली. आन् आठ दिसांत शिदूआबा गेला.

आता सुकं लाकूड कुटनं आणायचं? रानातलं तर पिळलं तरी पानी. मढं दारात, दिवसभर. नवशा घरोघर हिंडला. मी माझा पाट दिला, मुसळ दिलं. त्यानं काय व्हतंय? मंग पाटील इरलं पांघरून आले आन् म्हनले, "अरं, शाळंखाली सुकी ठाक पडलीत की. सोपान्यानं टाकून गेलेली. तितं काय पुजाया ठिवलीत? उपटा."

समद्यांनी उपटली, भावजी. पर बाप नवशाचा, म्हणून पैला हात त्यानं घातला. वरची गच्ची काय हलली न्हाई. एकजण तर तिला खालनं बुक्की मारून म्हनला, "दगूड हाय." शिदूआबा चांगला जळला. लोक म्हनले, सोपानची लाकडं पुण्याला लागली.

पडवी चार-पाच दिस उभी राहिली. मंग ऐतवारी बाया लावणीवरनं येत व्हती. मोठी सर आली. डोक्यावर इरलं व्हतं, तरी ती पडवीखाली थांबली. तिला ती पडवी आवडायची ना. शाळंला सुट्टी व्हती म्हणून पोरं न्हवती, येवढंच.

आवाज मी घरात ऐकला. मला वाटलं दरड आली.

पहारी घालून उचलाया सांज झाली. मी तिचा हात वळखला, हिरव्या बांगड्यांवरनं, मला संगं नेऊन भरल्या व्हत्या तिनं, माझ्या हातात न्हाईत म्हणून माझी थट्टा करत. आन् तिला जाळाया सुकं लाकूड? तुमच्याच टेकूंतली उरलेली.

ती लाकडं गच्चीला धरून व्हती, ह्ये मला फौजदार आला तवा कळलं. त्यानं सांगितलं. गावाला बी तवाच कळलं.

या म्हणून लिवत न्हाई. तुमाला कळंल काय करायचं ते.

वैनी


सरावन सुद सप्तमी

भावजी,

पत्र आलं. बायाची एक वळ हाय. लायसनची दोन पानं.

म्हंजी पेपरात छापून आलं, परीक्षावाल्या साहेबांनी वाचलं, आन् चौकशी होईस्तवर लायसन अडकवून ठिवलं. पास झालात तरी बी. तुमच्या भावानं मरताना तुमचा हात माझ्या हातात दिला, तवा तुमी माझ्याच पदराला नाक पुसलं व्हतं. गुरं इकून तुमाला पुण्याला ठिवलं, मंग मुंबईला. लोक म्हनायचे, कस्तुरा दिराला शिकवती का बालिस्टर करती? मी म्हनायची, न्हाई, तो घरं काढतो. समदी राहात्यात, तो काढतो.

आन् आता तुमी लिवता, "वहिनी, तुम्ही चौकशीत एवढंच सांगा, की निघताना मी तुमच्यादेखत नवशाला बजावलं होतं, टेकूंना हात लावू नकोस. पाटील तसंच सांगणार आहेत. तुमच्या शब्दाला वजन आहे. एका वाक्यावर माझं आयुष्य उभं आहे."

माझ्या शब्दाला वजन, व्हय? लहानपणी मी काय सांगाया गेले तर शेणगोळं फेकून मारायचात, ते इसरलात?

हसू येत न्हाई. सवय म्हणून लिवलं.

त्याच पत्रात वरच्या अंगाला तुमी परीक्षंचं लिवलंय. "पेपरात टेकूंवरच प्रश्न आला. टेकू कधी काढावेत, पावसाळ्यात किती जास्त ठेवावेत, काढताना काय काळजी घ्यावी. मी पानभर लिहिलं. सर्वांत चांगला तोच लिहिला." ते मी वाचलं आन् चुलीपाशी बसून राहिले. दूध उतू गेलं.

पानभर लिवलंत. साहेबाला सांगितलंत. त्याला तर आधीच ठावं व्हतं, भावजी. ज्यांला ठावं न्हवतं ते आमी हितं लाकडांखालनं ये-जा करत व्हतो. मी इचारलं बी व्हतं, ती लाकडं कुनाची. एक वळ लिवायची व्हती. "वैनी, ती हालवू नका." म्या शिदूआबाला माझ्या दाराचं कवाड दिलं असतं. पाटलाच्या माडीच्या फळ्या काढाया लावल्या असत्या. मयताला लाकूड न्हाई म्हनता येत न्हाई, पर दुसरं लाकूड देता येतंय.

काल नवशा आलता. फौजदारानं दोनदा नेऊन आणलाय त्याला. अंगणात बसला, वर येईना. मी चहा दिला, तो तसाच निवला. मंग म्हनला, "वैनी, एक इचारू का?"

"इचार की."

"पाटील म्हंत्यात, दादांनी मला सांगितलं व्हतं. टेसनाच्या वाटंला. खरं का वो?"

मी निवलेला चहा तुळशीपाशी वतला.

"मला याद न्हाई. पर डोक्यावर ट्रंक व्हती, पाऊस व्हता. सांगितलं असंल. दादा कशाला खोटं बोलतील? मीच इसरलो असंन." अंगणातली एक काडी उचलून मोडली त्यानं. "म्हंजी बायाला म्याच मारली का वो?"

भावजी, तुमी मला येवढंच सांगा, ह्याला मी काय सांगू? तुमाला कागदावर गणित मांडता येतं. मला ह्ये मांडून दाखवा.

हिकडं तुमचं लायसन. तिकडं त्याला तुरुंग, आन् तुरुंगाचं काय न्हाई, तो सुटून येईल. पर जन्मभर बायकू मारल्याचं घिऊन हिंडंल. केलं न्हाई ते.

घरी या. हितं बसून बोलू. पिठलं करते.

वैनी


सरावन वद्य एकादशी

चौकशी परवा, लोणावळ्याला, डाकबंगल्यात. तुमी उद्याच येणार म्हणून पाटील सांगत व्हते. उतरणार पाटलाच्या पावण्याकडं, वलवणला. घरी न्हाई.

बरं. तुमचं अंथरूण उन्हात घातलं व्हतं. ऊन आलं व्हतं वाईच. काढून ठिवते.

मी काय सांगणार ते तुमी इचारलं न्हाई, मी सांगत न्हाई. पर घरी आला असता तर तोंडावर सांगितलं असतं. चोरून काय करायची मला सवय न्हाई.

वैनी


भादवा सुद तीज

भावजी,

तुमी डाकबंगल्याच्या मागच्या दारानं निघून गेलात. मी दारात तुमच्या वहाणा शोधत बसले.

तुमी बाकावर बसला व्हता, तुमाला समदं ऐकू आलं, पर मान वर केली न्हाईत. म्हणून परत लिवते. मला तुमाला सांगायचंच हाय.

मामलेदार भला मानूस. मला खुर्ची दिली. आखडून बसले तर म्हनला, "बाई, घाबरू नका. तुम्ही सोपानरावांच्या भावजय ना? किती वर्षांची ओळख?"

मी म्हनलं, "नाकाला शेंबूड व्हता तवापसनं, साहेब."

लोक हसले. कारकून बी हसला. तुमच्या कानाची पाळी लाल झाली, मला दिसली. लहानपणापसनं तशीच व्हती.

"टेसनावर जाताना त्यांनी नवशाला टेकूंबद्दल काही बजावलं?"

पाटील माझ्याकडं बघत व्हते. नवशा भितीला पाठ लावून उकिडवा बसला व्हता. मी तुमच्याकडं बघितलं. एकदा वर बघितलं असतंत तर काय झालं असतं, मला ठावं न्हाई. खरंच ठावं न्हाई. मी देवाशप्पत सांगते, तवा माझ्या तोंडात दोन्ही वळी व्हत्या.

"न्हाई साहेब," मी म्हनलं. "शाई इचारली."

"काय?"

"त्यांनी शाईचं इचारलं. अख्ख्या वाटंनं. आन् दाखला भिजला का ते. लाकडांचं कुनालाच काय बोलले न्हाईत. मला बी न्हाई."

पुढं मी पाटलाचं बी सांगितलं, उपटा कुनी म्हनलं ते. पाटील उठून म्हनले, "ह्या बाईला डोकं न्हाई. घरच्या दिव्यावर फुंकर घातली हिनं." मामलेदारानं त्यांला खाली बसवलं.

भाईर आले. नवशा पायरीवर येऊन बसला व्हता. मी त्याच्याजवळ टेकले. म्हनलं, "ऐकलंस का रं? तू न्हाई मारली."

त्यानं मान हालवली. आन् म्हनला, "मंग कुनी?"

मी त्याला उठवून घरच्या वाटंला लावलं. तुमी असता तर तुमाला तरी सांगता आलं असतं का?

वैनी


कुरवंडे, दुसऱ्या सालचा वैशाख, आमोशा

भावजी,

दिवाळीला पत्र टाकलं, संक्रांतीला टाकलं. ह्ये तिसरं. उत्तर न्हाई तरी डाकवाला माघारी बी आणत न्हाई, म्हंजी कुनीतरी घेतंय.

तुमचं लायसन गेलं ते पाटलाकडनं कळलं. पुन्यांदा बसू बी देणार न्हाईत म्हनले. मुंबईला कुणा दुसऱ्याच्या हापिसात दुसऱ्यांची घरं काढता, आन् खाली सही त्याची असती, असं बी कळलं. पाटलाला काय झालं न्हाई. पाटलाला कवाच काय व्हत न्हाई. नवशाला सोडलं. तो वाडीवर असतो, माझ्या खाचराचं बघतो. बोलत न्हाई फारसा. पडवीचं ढेकूळ अजून शाळंम्होरं पडलंय, लोखंड भाईर आलंय. पोरं त्याच्यावर बसून भाकरी खात्यात. पोरांना काय.

मी रागावले न्हाई तुमच्यावर. तुमी माझ्यावर असाल, तर असा. मी केलं ते मला परत करावं लागलं तर परत करीन. रोज करते, पानी भरताना, भाकरी थापताना. दर बारीला तुमच्या कानाची पाळी लाल व्हती.

आता हसण्यावारी एक सांगते. मला खोकला झालाय. थंडीपसनं हाय, जात न्हाई. वैद्य म्हंतो काढा घ्या. सारजाबाई म्हंती, "कस्तुरा, तुजी जीभ तुला मरू द्यायची न्हाई." मी म्हनलं, जीभ जळाया लाकूड बी लय लागंल.

त्यावरनं आठवलं. आज माळा झाडला. मिरूग तोंडावर आला, समद्यांनी आपापली सुकी लाकडं वर टाकलीत. माझ्या माळ्यावर तुमच्या टेकूंतला एक हाय. उरलेला. बायाच्या वक्ताला नवशानं तो बाजूला काढला, का ते त्यालाच ठावं, आन् नंतर माझ्या दारात आणून टाकला. खाली अजून तुमच्या हातची पिवळ्या पेन्शिलीची खूण हाय. झाडताना तिला फडकं लावलं न्हाई.

ह्या आखाडात दुसऱ्या कुनाला लागला तर देईन. मयताला न्हाई म्हनायचं न्हाई. न्हाई लागला तर तो माझा.

मला पोर न्हाई. आग द्यायची ती तुमीच. नवशा म्हनला, "दादा न्हाई आले तर मी देईन, वैनी." मी त्याला म्हनलं, वाट बघ वाईच. पावसात बी बघ.

लाजून राहू नका तिकडं. नकाशा नको, दाखला नको. आग द्यायला लायसन लागत न्हाई, भावजी.

वैनी